जुनी डिझेल गाडी : सकाळी सेल्फ फार मारावा लागतो आणि तुळजापूरच्या घाटात गाडी ओढत नाही

होटगीरोडकर (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे २०१० च्या दिवाळीत सोलापुरातच घेतलेली, १.४ लिटर कॉमन रेल (म्हणजे एकाच सामाईक नळीत, ‘रेल’मध्ये, दाबाखाली डिझेल साठवून सर्व सिलिंडरांना देणाऱ्या) डिझेल इंजिनाची छोटी गाडी असून आजवर तिचे १ लाख ६८ हजार किलोमीटर झाले आहेत. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आले की चर्चा बिघाडावरून कंपनीवर घसरते, असा या मंचावरचा अनुभव आहे.

तक्रारी तीन आहेत. पहिली अशी की, गाडी रात्रभर उभी राहिली की, आता मे महिन्यातही, सकाळी आठ-दहा सेकंद सेल्फ मारावा लागतो. इंजिन एकदा धरल्यासारखे करून बंद पडते आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सुरू होते. त्यानंतर दिवसभर त्रास नसतो. दुसरी तक्रार घाटातली आहे. सोलापूर ते तुळजापूर या ४५ किलोमीटरमध्ये सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही, परंतु तुळजापूरच्या अलीकडे चढण लागली आणि चौघे जण बसलेले असले, की साधारण २५०० फेऱ्यांपाशी गाडीचा जीव जातो, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि मग कितीही पाय दाबला तरी ती दुसऱ्या गिअरमध्ये रांगते. कडेला थांबून बंद करून पुन्हा सुरू केली की काही वेळ नीट चालते. तिसरी तक्रार फक्त उन्हाळ्यातली आहे: भर दुपारी बाजारात वीस मिनिटे गाडी लावली तर सुरू व्हायला पुन्हा चार-पाच सेकंद लागतात.

आतापर्यंत बॅटरी नवी घातली, चारही हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारे) बदलले, एअर फिल्टर बदलला, उपयोग शून्य. शेवटी एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावल्यावर ‘चारही इंजेक्टर गेले आहेत’ (इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) असे सांगण्यात आले आणि जो खर्च सांगितला, तो गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका आहे. नोंदणीची पंधरा वर्षे भरत आली आहेत, त्यामुळे नूतनीकरण करावे की गाडी काढून टाकावी, हा निर्णयही यावरच अडला आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_फिटर

तुमच्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असेल असे गृहीत धरू नका, आणि वेगवेगळे असेल असेही धरू नका. आधी काही साध्या गोष्टी सांगा.

सकाळी सेल्फ मारत असताना मागे कोणाला तरी उभे करून सायलेन्सरकडे पाहायला सांगा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये पोहोचते आहे पण पेटत नाही, म्हणजे हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते तिकडे) पाहावे लागेल. धूरच येत नसेल तर डिझेल पोहोचतच नाही किंवा रेलमध्ये दाब तयार होत नाही. या एका निरीक्षणाने निम्मे काम होते आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

हीटर प्लग बदलण्याआधी कोणी विचारले असते तर मी नकोच म्हणालो असतो. सोलापूरच्या थंडीत पहाटेचा पारा बहुतेक दिवस १४-१५ अंशांच्या आसपास असतो आणि तेवढ्या तापमानात, कॉम्प्रेशन चांगले असलेले कॉमन रेल इंजिन हीटर प्लग मेलेले असले तरी बहुधा सुरू होते. जुन्या, वेगळ्या ज्वलनकक्षाच्या इंजिनांची गोष्ट निराळी. ती हीटरशिवाय हटून बसायची आणि आपल्याकडच्या मिस्त्रींची सवय तिथूनच आलेली आहे. शिवाय तुमची तक्रार मे महिन्यातही आहे, त्यामुळे थंडीला दोष देता येणार नाही.

बॅटरीचे म्हणाल तर नवी आहे म्हणून सोडू नका. मल्टिमीटरने उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि सेल्फ मारताना किमान ९.६ व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून खाली गेले तर बॅटरीपेक्षा इंजिनाच्या अर्थिंगच्या पट्टीवर माझा संशय अधिक राहील.

शेवटचा प्रश्न थोडा विचित्र वाटेल: रात्री गाडी कशी लावता? तोंड चढाकडे की उताराकडे?

शेंगाचटणी

माझी गाडी मोहोळला रोज जाते-येते. मलाही दुपारी गरम असताना सुरू न होण्याचा त्रास होता आणि तो क्रँक सेन्सरचा (इंजिनाच्या फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरचा) निघाला. सेन्सर तापला की मुका व्हायचा आणि अर्ध्या तासाने गार झाला की पुन्हा बोलू लागायचा. ओळखायची खूण अशी की, सेल्फ मारताना फेऱ्यांचा काटा जागचा हलायचा नाही. तुमचा काटा हलतो का, ते पाहून सांगा.

होटगीरोडकर

काका आणि ताई, दोघांचेही आभार. आज सकाळी भावाला मागे उभे केले. पहिल्या आठ सेकंदांत धूर अजिबात नाही. इंजिन धरते त्या क्षणी थोडासा पांढरा-करडा धूर येतो. सेल्फच्या वेळी बॅटरी १०.४ व्होल्ट दाखवते. काटा २०० च्या वर जातो, म्हणजे सेन्सर जिवंत असावा.

गाडी लावण्याबद्दल विचारलेत म्हणून सांगतो, घरासमोरचा रॅम्प चांगलाच उभा आहे आणि गाडी नाक वर करून लावावी लागते. स्कॅनरचा कागदही सापडला, त्यावर ‘पी ००८७’ एवढा एकच कोड आहे.

बालाघाट

पी ००८७ चा अर्थ इतकाच, की रेलमध्ये जेवढा दाब मागितला गेला तेवढा प्रत्यक्षात मिळाला नाही. इंजेक्टर गेले असे हा कोड कुठेही म्हणत नाही. नळाला पाणी कमी येते याचा अर्थ तोटी खराब आहे असाच होत नाही. टाकी रिकामी असेल, मधला पाईप गळत असेल, जाळीत गाळ अडकला असेल.

तुमच्या गाडीत डिझेलचा प्रवास टाकी, नळ्या, डिझेल फिल्टर, उच्च दाबाचा पंप, रेल आणि इंजेक्टर असा आहे. इंजिन चालू व्हायला रेलमध्ये साधारण २०० बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास दाब यावा लागतो. तो येईपर्यंत गाडीतला संगणक इंजेक्टर उघडण्याची आज्ञाच देत नाही, म्हणून तुम्हाला धूर दिसत नाही. संथ चालताना २५०-३०० बार पुरतात. पूर्ण भार आला की मात्र हजाराच्या पुष्कळ वर जावे लागते आणि तेव्हा पंपाला डिझेलही भरपूर लागते. फिल्टर तुंबला असेल किंवा ओढण्याच्या बाजूने हवा येत असेल, तर सपाट रस्त्यावर काही कळत नाही; घाटात मागणी वाढते, दाब पडतो आणि संगणक इंजिनाला वाचवण्यासाठी शक्ती कापतो. तुमचे वर्णन याला तंतोतंत जुळते. तुमच्या टाकीत इलेक्ट्रिक पंप आहे की पंप स्वतःच डिझेल ओढतो, तेवढे पाहून घ्या. फिल्टरजवळ हाताने दाबायचा रबरी फुगा असेल तर बहुधा दुसरा प्रकार.

जाता जाता एक गोष्ट. १ एप्रिल २०१० पासून ज्या तेरा शहरांत भारत स्टेज ४ हे वाहनांच्या धुराचे प्रदूषण-मानक लागू झाले, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरचेही नाव होते. त्यामुळे तुमची गाडी स्टेज ४ ची असणार, आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत त्याच वर्षी विकल्या गेलेल्या त्याच नमुन्याच्या गाड्या स्टेज ३ च्या असू शकतात. सुटे भाग मागवताना, विशेषतः इंजेक्टर आणि सेन्सर, केवळ वर्ष सांगून मागवू नका. जुन्या भागावरचा क्रमांक जुळवा.

जुना_फिटर

नाक वर आहे हे कळल्यावर माझा संशय पक्का झाला. ओढण्याच्या बाजूला सुईच्या टोकाएवढी जरी फट असली तरी रात्रभरात तिथून हवा शिरते आणि नळीतले डिझेल उताराने टाकीत परत जाते. सकाळी पंपाला आधी ती हवा ओढून संपवावी लागते. आठ-दहा सेकंद त्यातच जातात, आणि ‘एकदा धरून बंद पडते’ हे तर हवा धरल्याचे जुने लक्षण आहे.

दोन परीक्षा करा. आज रात्री गाडी तोंड उताराकडे करून लावा आणि उद्या सकाळी किती सेकंद लागतात ते पाहा. नंतर फिल्टर आणि पंप यांच्या मधल्या नळीच्या जागी वीतभर पारदर्शक नळी बसवा. गवंडी पाणसळीला वापरतात ती चालेल, पण परीक्षेपुरतीच. डिझेलने ती कडक होते आणि इंजिनाच्या उष्णतेत टिकत नाही. इंजिन चालू असताना तिच्यात बुडबुडे धावताना दिसले तर चोर सापडला.

एक ताकीद मात्र देऊन ठेवतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांत सेल्फ मारत इंजेक्टरच्या पाईपचा नट ढिला करून हवा काढण्याची पद्धत होती, मीही ती हजार वेळा केली आहे. कॉमन रेलमध्ये हे कदापि करू नये. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते, वरून टोचल्याएवढी जखम दिसते आणि आत बोट सडते. शस्त्रक्रियेवाचून इलाज राहत नाही. हवा काढायची ती कमी दाबाच्या बाजूला, रबरी फुगा दाबूनच.

डावीकडून_ओव्हरटेक

एवढे कशाला करता? टाकीत इंजेक्टर साफ करणारी बाटली ओता, ईजीआरला (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेला) पत्रा लावून बंद करा आणि संगणकाचे रिमॅपिंग (जास्त शक्तीसाठी सेटिंग बदलणे) करून घ्या. माझ्या मित्राची गाडी उडते आहे.

बालाघाट

बाटलीने फट बुजत नाही. ईजीआर बंद केल्याने प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा निकामी होते, ते बेकायदेशीर आहेच, शिवाय स्टेज ४ च्या गाडीत बहुधा नवा कोड उभा राहून मूळ दोष शोधणे अधिक अवघड होते. ईजीआरचा व्हॉल्व्ह काजळीने अडकला असेल तर तो काढून धुवावा. आणि ज्या इंजिनाला आहे तेवढा दाब मिळत नाही, त्याच्याकडून रिमॅपिंग करून जास्त मागायचे, हे उपाशी बैलाला दुहेरी नांगर जोडण्यासारखे आहे.

होटगीरोडकर

गेल्या काही दिवसांचा अहवाल देतो.

उताराकडे तोंड करून लावल्यावर दोन्ही सकाळी गाडी तीन सेकंदांच्या आत सुरू झाली. पुन्हा नाक वर करून लावली, तर दहा सेकंद. काकांचा प्रश्न विचित्र नव्हता. फिल्टरजवळ रबरी फुगा आहे, टाकीत पंप नाही.

रविवारी ओळखीच्या मिस्त्रींकडे पारदर्शक नळी बसवली. इंजिन चालू केल्यावर त्या नळीतून बुडबुड्यांची माळच लागली होती. मग टाकीच्या दिशेने एकेक जोड तपासत गेलो. फिल्टरच्या आधी नळी लावली तर बुडबुडे नाहीत, नंतर लावली तर आहेत. म्हणजे हवा फिल्टरच्या घरातूनच येत होती. झाकण उघडले तेव्हा कारण दिसले. मागच्या वेळी ज्यांनी फिल्टर बदलला त्यांनी नवी रबरी रिंग न घालता जुनीच, एका ठिकाणी चिरलेली रिंग परत बसवली होती. फिल्टरसोबत खोक्यात नवी रिंग येते असे मिस्त्री म्हणाले. ती कुठे गेली, देव जाणे.

फिल्टरची अवस्थाही वाईट होती. खालचा स्क्रू उघडून काचेच्या भांड्यात काढले तेव्हा तळाशी अर्धी वाटी पाणी आणि काळा गाळ बसला. मागचा फिल्टर ३८ हजार किलोमीटरपूर्वीचा होता, ही चूक माझीच. नवा फिल्टर, नवी रिंग, फुग्याच्या दोन्ही टोकांना नव्या क्लिपा, एवढेच केले. गेले दोन दिवस नाक वर करूनही गाडी दोन सेकंदांत सुरू होते आहे.

आता घाटात जाऊन पाहतो.

शेंगाचटणी

वाचून आनंद झाला. चारही इंजेक्टर बदलले असते तरी रिंग तशीच राहिली असती, हा विचार मनातून जात नाही. मी आजच माझ्या गाडीचा फिल्टर कधी बदलला होता ते जुन्या पावतीवरून काढले आणि शरमले.

होटगीरोडकर

आनंद अर्धाच टिकला. आज चौघांना घेऊन तुळजापूरला गेलो. पूर्वीसारखा गाडीचा जीव जात नाही हे खरे, पी ००८७ आला नाही हेही खरे. परंतु चढणीवर गाडी अजूनही जड वाटते. तिसऱ्या गिअरमध्ये जी चढायची ती दुसऱ्यात घ्यावी लागते. मोटरसायकलवरून मागे येणाऱ्या भावाने सांगितले की, पाय दाबला की काळा धूर निघतो. घाटमाथ्याजवळ पिवळा दिवा लागला आणि या वेळी मिस्त्रींच्या छोट्या स्कॅनरवर ‘पी ०२९९’ आला.

बालाघाट

पी ०२९९ म्हणजे संगणकाने टर्बोकडून (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याकडून) मागितली तेवढी हवा इंजिनापर्यंत पोहोचली नाही. आधीचा दोष याला झाकून होता: डिझेल कमी पडल्यामुळे संगणक २५०० फेऱ्यांपाशीच शक्ती कापत असे, त्यामुळे टर्बोवर पूर्ण भार येण्याची वेळच येत नव्हती. डिझेल पुरेसे मिळू लागले तेव्हा हवेची उणीव उघडी पडली.

काळा धूर याच बाजूला बोट दाखवतो. एअर फिल्टरनंतरचा सेन्सर आत गेलेली हवा मोजतो आणि संगणक त्या मापाने डिझेल देतो. मोजलेली हवा पुढे वाटेत फुटक्या पाईपमधून निसटली, तर डिझेल जास्त आणि हवा कमी अशी स्थिती होऊन काजळी निघते. म्हणून टर्बो गेला असे ठरवण्याआधी टर्बो ते इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते इंजिन हे दोन्ही होज पाईप पाहा. नुसते वरून पाहून चालणार नाही, कारण चीर बहुधा खालच्या वळणावर असते आणि इंजिन बंद असताना रबर मिटून बसते. पाईप हाताने वाकवून, पिळून पाहा. जिथे चीर असते तिथे बाहेरून तेलकट, धूळ चिकटलेला डाग असतो; आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ अशा जागी लेप दिल्यासारखी बसते, ही एक सोय म्हणायची. त्यातून निष्पन्न झाले नाही तर टर्बोच्या अॅक्चुएटरकडे (टर्बोचा जोर कमी-जास्त करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या बारीक नळ्या, मग हवेचा सेन्सर, मग ईजीआर. टर्बो सर्वांत शेवटी.

होटगीरोडकर

सापडला. इंटरकूलरच्या खालच्या होज पाईपला, बरोबर क्लिपेच्या कडेला, दोन इंच लांब चीर होती. तेलाचा डाग आणि त्यावर मातीचा लेप, जसे लिहिले होते तसेच. मिस्त्रींनी पाईपची दोन्ही टोके बंद करून सायकलच्या पंपाने हवा भरली आणि साबणाचे पाणी लावले, तेव्हा फेस मधमाश्यांच्या पोळ्यासारखा फुगला. नवा पाईप पुण्याहून मागवावा लागला, दोन दिवस गेले.

काल पुन्हा चौघे जण तुळजापूरला गेलो. तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढलो, दिवा लागला नाही, धूर नाही. वडील मागच्या सीटवरून म्हणाले, ‘आता गाडी घेतली तेव्हासारखी वाटते’. तेवढी ती वाटत नाही, पण मी काही बोललो नाही.

तिसरी तक्रार मात्र आहे तशीच आहे. दुपारी गरम गाडीला अजूनही चार-पाच सेकंद लागतात.

जुना_फिटर

आता इंजेक्टरचा विचार करायची वेळ आली. गरम झालेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या इंजेक्टरच्या आतून परतीच्या नळीत जास्त निसटते. इंजिन फिरताना पंप ते भरून काढतो, पण सेल्फच्या मंद गतीला पंपाची ताकदच कमी असते, त्यामुळे दाब २०० बारपर्यंत चढायला वेळ लागतो. स्कॅनर लावून गरम गाडीत सेल्फ मारताना रेलचा दाब कसा चढतो ते पाहा.

नंतर परतीची परीक्षा करा. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडा आणि गरम इंजिन पाच मिनिटे संथ चालवा. चारही बाटल्या कमीअधिक सारख्या भरल्या पाहिजेत. एकच बाटली पुढे पळाली तर तोच गुन्हेगार; चारही भरभरून वाहिल्या तरच चौघांचा खर्च.

होटगीरोडकर

परीक्षा केली. गरम गाडीत दाब रेंगाळत १२०, १५०, १८० असा चढतो आणि मग इंजिन धरते. बाटल्यांमध्ये पहिला, दुसरा आणि चौथा जवळजवळ एका रेषेत आहेत; तिसऱ्याची बाटली त्यांच्या अडीचपट भरली.

तिसरा इंजेक्टर काढायला दीड दिवस लागला, कारण पंधरा वर्षांच्या काजळीने तो जागेवर चिकटला होता. मिस्त्रींनी घाई केली नाही, रात्रभर तेल सोडून ठेवले, याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. डिझेल लॅबमध्ये बाकावर तपासल्यावर आतला व्हॉल्व्ह झिजल्याचे दिसले. तोच बदलून घेतला, खालचा तांब्याचा वॉशर नवा घातला, आणि लॅबने दिलेला नवा सुधारणा क्रमांक (त्या इंजेक्टरच्या मापाप्रमाणे डिझेल देण्यासाठी संगणकाला लागणारा) स्कॅनरने संगणकात भरून घेतला. तो भरला नाही तर इंजिन संथ चालताना थरथरते, असे लॅबवाल्यांनी बजावले होते.

आज दुपारी दोन वाजता, बाहेर ४२ अंश असताना, मार्केट यार्डात अर्धा तास उभी केलेली गाडी दुसऱ्या सेकंदाला सुरू झाली. फिल्टर, रिंग, क्लिपा, होज पाईप, इंजेक्टरची दुरुस्ती आणि मजुरी धरून एकूण खर्च वर्कशॉपने सांगितलेल्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आत बसला. बॅटरी आणि हीटर प्लगचे पैसे मात्र गेले ते गेलेच. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पुढच्या आठवड्यात कागदपत्रे देतो आहे.

शेंगाचटणी

अभिनंदन. एकच शंका आहे, ती पारदर्शक नळी किती मापाची घेतलीत? माझीही गाडी आता रोज सकाळी एकदा धरून बंद पडू लागली आहे.

होटगीरोडकर

ताई, माझ्या गाडीला आतून ८ मिलिमीटरची लागली, पण मापावर जाऊ नका. फिल्टर आणि पंपामधल्या नळीचा जाडपणा पाहून तेवढीच घ्या, म्हणजे क्लिप बसते आणि परीक्षेच्या नळीतूनच हवा शिरण्याची फसगत होत नाही. माझी वीतभर नळी अजून डिकीत पडून आहे, हवी असेल तर सात रस्त्याला आणून देतो. त्याआधी एक रात्र गाडी तोंड उताराकडे करून लावून पाहा.